दोन घुंगरांमधलं डाळिंब

सासूबाईंनी झग्याचा घेर हातात घेऊन हलवला आणि त्यांचा चेहरा उतरला. बिशपसाहेबांचा हा नवा झगा रविवारी त्यांच्या अंगावर चढायचा होता, आणि पाठीच्या बरोबर मध्यावर दोन घुंगरं एकमेकांवर आपटून खडखडत होती. मोतीबिंदूने सासूबाईंचे डोळे नेले होते, कान मात्र शाबूत होते.

"इथलं डाळिंब कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

दोन्ही सुनांनी माना खाली घातल्या. तेवढं एक काम दोघींनी बऱ्याच दिवसांनी बरोबर केलं.

चूक कशी झाली हे उघडच होतं. घेराला एक सोनेरी घुंगरू, एक रेशमाने भरलेलं डाळिंब, पुन्हा घुंगरू, पुन्हा डाळिंब, असं काम बायबलमध्ये देवाने मोशेला सांगितलेलं, आणि या घरात ते तसंच चालत आलेलं. एका टोकाकडून निघणारीने पहिलं घुंगरू लावायचं, दुसऱ्या टोकाकडून येणारीने पहिलं डाळिंब, म्हणजे मध्यावर गाठ नीट पडते. कोण काय घेणार एवढं आधी विचारलं की झालं. पण विचारणार कोण? दोघी जावांत वर्षभर विस्तव जात नव्हता. थोरली सकाळी कामाला बसायची, धाकटी दुपारी. "त्यांना म्हणावं, कात्री जागेवर ठेवत जा," असले निरोप सासूबाईंच्या मार्फत जायचे, आणि निरोप घेणारी तिथेच भिंतीला टेकून उभी असायची. तेव्हा दोघींनीही घुंगरापासूनच सुरुवात केली होती.

एक घुंगरू काढून टाकू, पाठीकडे कोण बघतंय, असं धाकटीने सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, वेदीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या माणसाची सगळ्या चर्चला पाठच तर दिसते. मग बोटांनी ती दोन घुंगरं चाचपत, लेकी बोले सुने लागे अशा सुरात त्या पुढे बोलल्या, "घुंगराला घुंगरू लागलं की नुसती खडखड होते. मध्ये एक न वाजणारं असावं लागतं. बसा दोघी."

दोघींनी आपापलं घुंगरू उसवून जरा बाजूला घेतलं आणि झगा भरतकामाच्या मोठ्या चौकटीवर ताणला. खरी अडचण पुढेच होती. चौकटीच्या मध्यावर एकटीचा हात खालून पोचत नाही. एकीने वर बसून सुई खाली सोडायची, दुसरीने खाली जमिनीवर बसून ती परत वर पाठवायची. खालचं काम आजवर सासूबाईंचं. आता त्यांचे हात थरथरत होते. धाकटी चौकटीखाली सरकली.

सुई खाली गेली, वर आली. डाळिंबाची साल भरून झाली, वरचा मुकुट झाला. खडूने काढलेली, आतले दाणे दाखवणारी मधली फट तेवढी उरली.

"आई," खालून धाकटीचा आवाज आला, "हे एक मिटलेलंच ठेवू या का?"

थोरलीचा हात थांबला. धाकटीचं बाळ जन्मलं त्याच दिवशी गेलं होतं. चिमुकल्या पेटीवर माती पडत असताना थोरली तिच्या कानाशी म्हणाली होती, "देवाची इच्छा." त्या दोन शब्दांपासून घरात हा अबोला होता.

"मिटलेलं डाळिंब या घरात कुणी काढलं नाही," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पिकलं की ते आपलं आपण तडकतं. कुणी सुरी लावत नाही. म्हणून तर चित्रकार ते बाळ येशूच्या हातात देतात. त्याची कबरसुद्धा आतूनच उघडली ना." चौकटीकडे वाकून त्या म्हणाल्या, "पण तुला जमत नसेल तर राहू दे, बाई. मी बिशपसाहेबांना सांगेन, म्हातारीचं चुकलं म्हणून."

मग थोरलीने सुई फटीच्या रेघेवर टेकवली आणि खाली सोडली. समोर फक्त कापड होतं, त्यामुळे बोलणं जरा सोपं गेलं असावं.

"त्या दिवशी मी बोलायलाच नको होतं," ती म्हणाली. "तुझ्याशेजारी नुसतं बसायला हवं होतं. मला काही सुचलं नाही गं."

सुई वर आली नाही. सासूबाईंनी घेराची घुंगरं मुठीत आवळून धरली. थोरलीने डोळे पुसले. भरजरी कापडावर पाण्याचा डाग पडतो, ही भीती तिला त्याही वेळी होतीच.

"तुमचा हात माझ्या पाठीवर होता," खालून आवाज आला. त्या आवाजात राग नव्हता. "तो मला हवा होता. मग तुम्ही बोललात, आणि मी तो झटकला."

"आता खाली येऊ का मी?"

"नको. वरून कोण भरणार मग?"

आणि सुई वर आली, खडूच्या रेघेवर, जिथे यायला हवी होती तिथेच. थोरलीने ती ओढून घेतली. पुन्हा खाली, पुन्हा वर. फटीच्या कडा भरल्या, आत पहिला लाल दाणा बसला, त्याला चिकटून दुसरा. सासूबाईंनी मूठ सैल केली. सुईच्या प्रत्येक हिसक्यासरशी घुंगरं किंचित वाजू लागली, एकेक, वेगवेगळी.

खिडकीतलं ऊन चौकटीवरून खाली उतरलं तेव्हा चौकटीखालून एक हात बाहेर आला, रिकामी रिळं धरलेला.

"ताई, लाल दोरा आणखी घ्या," धाकटी म्हणाली. "दाणे अजून पुष्कळ आहेत."