चार एमएमची वायर

“चार एमएमची तांब्याची वायर हाय, मॅडम. थेट मीटरपासून वेगळी वढलीय,” घरमालक गोरक्षनाथ म्हणाले आणि त्यांनी बोर्डाचं झाकण उघडून दाखवलं.

निकिता वाकून बघू लागली. संगमनेरात भाड्याचं घर शोधताना ती आधी वायरिंगच बघायची. आताच्या घरात तिने आईसाठी एसी बसवला होता. बारीक, जुनी वायर. ती तापली, प्लग वितळला, भिंत काळी झाली. तिथल्या मालकाने एसी बंद करायला लावला. आईला, केशरबाईंना, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. उन्हाळा त्यांना सोसत नव्हता. दुपारभर त्या ओला पंचा अंगावर घेऊन धापा टाकत पडून असायच्या.

इथे सगळं नीट होतं. एसीला स्वतंत्र एमसीबी, चांगलं अर्थिंग. खोली तळमजल्यावर, चाकाची खुर्ची सरळ आत येईल अशी.

“दीड टनाचा लावा न्हाईतर दोन टनाचा. दिवसभर चालवा, वायर कोमटबी व्हनार न्हाई,” गोरक्षनाथ हसून म्हणाले. “कॉलेजात शिकवता म्हंजे लई चांगलं. आडनाव काय म्हनलात?”

“साळवे.”

“साळवे म्हंजे...?”

“बौद्ध आहोत आम्ही,” निकिता म्हणाली.

गोरक्षनाथांनी बोर्डाचं झाकण लावलं. “पोराला इचारून कळवतो.”

फोन संध्याकाळी आला. निकिता आईला भरवत होती.

“मॅडम, वायरमनला दाखवलं. वायरिंग कमजोर हाय म्हनतो. एसी चालायचा न्हाई.”

सकाळी पाहिलेली ती नवीकोरी वायर निकिताच्या डोळ्यांपुढे आली. ‘खोटं बोलताय’ हे शब्द ओठांवर आले. समोर आईने मान कशीबशी वर केली आणि डोळ्यांनीच विचारलं, मिळालं का घर? निकिताने शब्द गिळले. आवाज मऊ केला. त्या मऊ आवाजाची तिची तिलाच चीड आली.

“एसी नको मग, काका. खोली तशीही गार आहे. आई पंख्यावर राहील.”



“पंख्याचाबी लोड न्हाई सोसायची ती वायर, मॅडम.”