सुटे भाग

"मदरबोर्ड मावशीनं निवडला," लेकीनं बूट काढता काढताच सांगितलं. "मी दुसराच म्हणत होते. पण तो आमच्या प्रोसेसरला चाललाच नसता."

मदरबोर्डसुद्धा मावशीनंच निवडावा, याला काय म्हणायचं? आणि आईला त्याहून झोंबला तो 'आमच्या'.

मावशी म्हणजे लेकीच्या बाबांची दुसरी बायको. घटस्फोट झाल्यापासून लेक दर रविवारी बाबांकडे जायची ती रडतखडत, आणि चारच्या ठोक्याला परत यायची. गेला दीड महिना मात्र तिकडे गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडायचं चाललं होतं. एकेक भाग निवडायचा, मागवायचा, बसवायचा. आता संध्याकाळचे सात वाजले तरी लेक यायचं नाव घेत नसे. आली की जेवताना तोच विषय.

"आणि बाबा काय करतात?" आईनं विचारलं.

"झोपतात."

म्हणजे सगळं त्या बाईचंच. आई एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर तिच्या हातात बारीक चिमटे आणि त्याहून बारीक कानशी असत. पंधरा वर्षांत लेकीनं एकदाही विचारलं नव्हतं, आई, दात कसा बनवतात गं?

शनिवारी कामावरून सुटल्यावर आई थेट कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. काचेआड एक गेमिंगचा कॉम्प्युटर मांडलेला होता. त्याच्या पोटात निळेजांभळे दिवे फिरत होते.

"याला काही जोडावं लागतं का?"

"छे हो मॅडम! सगळं बसवून दिलेलं आहे. प्लग लावायचा आणि खेळायला बसायचं."

"मग हाच द्या."

घरी आल्यावर तिनं ते खोकं आपल्या खोलीत कपाटामागे लपवलं. आता बसा म्हणावं जोडत. रविवारी संध्याकाळपर्यंत दम धरायचं तिनं ठरवलं होतं, पण तीन वाजताच ती लेकीला आणायला निघाली.

दार मावशीनं उघडलं. तिच्या केसांत पेन्सिल खोचलेली होती. आईला दारात बघून ती गडबडली.

"या ना, ताई. बापलेक केबल आणायला गेलेत. येतीलच एवढ्यात."

टेबलावर अर्धवट जोडलेला कॉम्प्युटर उघडा पडला होता. आईची नजर शेजारच्या कपाटाकडे गेली. दार अर्धं उघडं होतं आणि आत खोक्यांची चळत होती. सगळ्यांत वर ग्राफिक्स कार्डाचं खोकं. त्याच कार्डासाठी लेक गेला आठवडाभर कुरिअरवाल्याच्या नावानं बोटं मोडत होती.

"हे तर आलंय की!"

मावशीनं कपाट घाईघाईनं लावलं. मग स्वतःच पुन्हा उघडलं.

"सगळं पहिल्याच आठवड्यात आलंय, ताई. एका दुपारचं काम आहे हे. मीच दर रविवारी एकेक खोकं बाहेर काढते."

"का?"

"जोडून झालं, की ती पुन्हा फोन घेऊन त्या कोपऱ्यात बसणार आणि घड्याळ बघणार. दोन वर्षं माझ्याशी 'हो' आणि 'नको' यापलीकडे बोलली नव्हती ती." मावशीनं केसांतली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "तुमचं बरं आहे. तुम्हाला तिच्याशी बोलायला निमित्त लागत नाही. खरं सांगू? फार हेवा वाटतो मला तुमचा."

गेल्या आठवड्यात आपण लेकीशी काय काय बोललो, ते आई आठवू लागली. उठलीस का. डबा घेतलास का. दिवा बंद कर.

"तिला सांगणार नाही ना?" मावशीनं विचारलं.

"नाही सांगणार."

घरी परतताना लेक अखंड बोलत होती आणि आई हूं हूं करत होती. मावशीवरचा राग गेला होता. हेवा मात्र जागच्या जागी होता.

सोमवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, लॅबमधला बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि नवाकोरा कॉम्प्युटर खोलायला बसली. काय कुठून निघालं, तेही तिनं लिहून ठेवलं नाही. स्क्रू वाटीत जमा झाले. रिकामं खोकं तिनं खाली कचऱ्यात नेऊन टाकलं.

लेक शाळेतून आली आणि दारातच थबकली.

"हे कुणाचं?"

"माझं. मलाही एक जोडायचाय. पण येत काहीच नाही. सांगशील?"

लेकीनं दप्तर खाली टाकलं. एकेक भाग उचलून, उलटासुलटा करून पाहिला. "भाग भारी आहेत. कुणी निवडले?"

"मीच."

मग लेकीनं प्रोसेसर उचलला. त्याच्यावर राखाडी पेस्ट माखलेली होती. तिनं बोट लावून पाहिलं.

"आई, ही पेस्ट कॉम्प्युटर जोडतानाच लावतात. हा जोडलेला होता."

आईचा चेहरा उतरला. ती उगाचच वाटीतले स्क्रू चाळवत राहिली.

लेक तिच्याकडे बघत होती. मग तिनं खुर्ची ओढली, आईला खेटून बसली आणि मऊ फडक्यानं ती पेस्ट पुसायला घेतली. प्रोसेसर लख्ख झाला, तसा तिनं तो अलगद खाली ठेवला.

"आज एवढंच करू," ती म्हणाली. "दोन तासांत होतं हे सगळं, माहितीये मला. पण तिकडेही मी घाई करत नाही."