सदतीस अंश

१९९६ च्या जानेवारीत इंजिनियर सरस्वती मढवी कोलशेतच्या एका कारखान्यात नव्या वीजसंचाची चाचणी घेत होत्या. इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलच्या भट्टीतून निघणाऱ्या गरम वायूवर छोटं टर्बाइन फिरायचं. भट्टीत सगळीकडे आठशे अंश तापमान सारखं राखायचं, हे त्यांचं काम.

एका कोपऱ्यातला सेन्सर मात्र सदतीस दाखवत होता.

तंत्रज्ञ परशुरामने सेन्सर बदलला, वायर बदलली. आकडा सदतीसच. शेवटी संच बंद करून भट्टी पूर्ण थंड होऊ दिली. बाकीचे आकडे खोलीइतके, पंचविसावर आले. तो कोपरा सदतिसावरच राहिला.

झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. सरस्वतीबाईंनी कोपऱ्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"काय झालं, मॅडम?"

"ऊब आहे. लोखंड तापल्यासारखी नाही रे. अंगासारखी."

"मग परत नको पेटवायला."

"उद्या साहेब पाहुण्यांना घेऊन येतायत. पेटव."

भट्टी तापू लागली. इतर आकडे भराभर चढत सातशेवर गेले. कोपऱ्यातला अडतीस झाला, मग एकोणचाळीस. बेचाळीस दिसताच बाई ओरडल्या, "बंद कर! एवढ्या तापात कुणी जगत नाही. बंद कर रे!"

परशुरामने गॅस तोडला. भट्टी अजून लालभडक होती. तरी कोपऱ्यातला आकडा उतरू लागला. सदतीस, तीस, पंचवीस. तिथे तो थांबला.



"मॅडम," परशुराम हळूच म्हणाला, "आपण काय केलं?"