हवेची हद्द

शिडीवरून उतरून वर्नाने सरकारी जमिनीवर पाय टेकवले, तोच जीपमधून हाक आली, "थांबा बाई! तुम्ही आमच्या हद्दीत घुसलात."

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या त्या डोंगराखालची जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी विभागलेली होती. एक चौकोन सरकारी, शेजारचा खासगी. सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यात भिडायचे. म्हणून गावातले लोक नेमक्या कोपऱ्यावर घडीची शिडी उभी करायचे, इकडून चढून तिकडे उतरायचे आणि रानफळं तोडायला डोंगरावर जायचे. सत्तरीची वर्नाही आयुष्यभर तशीच गेली होती.

"तुमच्या मातीला माझा पाय कुठे लागला, दाखवा," ती म्हणाली.

खासगी चौकोनांच्या नव्या मालकाचा रखवालदार जीपमधूनच हसला. "पाय नाही लागला. पण उतरताना तुमचा खांदा आमच्या हवेतून गेला. जमीन साहेबांची, तर वरची हवाही त्यांचीच. पोलिसांना बोलावलंय मी."

वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हवाही साहेबांची? मागच्या उन्हाळ्यात तुमच्या साहेबांचं कुरण पेटलं, तेव्हा हीच हवा धूर घेऊन माझ्या घरात शिरली होती. नवरा खोकून खोकून गेला माझा. तेव्हा कुठे होती रे तुमची हद्द?"

रखवालदाराचं हसू मावळलं. त्याने जीप सुरू केली. "जाऊ द्या बाई. फळं घेऊन या तुमची."

वर्ना शिडीच्या खालच्या पायरीवर ठाण मांडून बसली.

"आता नाही जायचं. येऊ देत पोलीस. मलाही घुसखोरीचीच तक्रार द्यायचीय."