अनारसा कुणामुळे हसला?

तुपात सोडलेला अनारसा हसला, म्हणजे फुटून विरघळला, तशी शैलाताईंनी दारातल्या शेजारणीकडे पाहिलं. "तुमचीच नजर लागली, कुमुदवहिनी!" वहिनी हिरमुसून घरी गेल्या.

"अगं, पिठात गूळ जास्त झालाय!" जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले शैलाताईंचे यजमान अप्पा हॉलमधून गरजले. "त्या आल्या नि अनारसा फुटला, म्हणून त्यांच्यामुळे फुटला? काय हा अडाणीपणा! आधी त्यांची माफी माग."

खजील झालेल्या शैलाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या, तोच टीव्हीवर विकेट पडली.

"झालं! आलीस आणि घालवलीस विकेट! जा आधी आत!"

शैलाताई आत गेल्याच नाहीत. तडक शेजारी जाऊन त्यांनी कुमुदवहिनींना हाताला धरून आणलं आणि अप्पांसमोरच सोफ्यावर बसवलं. "बसा वहिनी. आता आपण दोघी मिळून अख्खी टीम गुंडाळू."

पुढच्याच चेंडूला दुसरी विकेट पडली. अप्पा पाय आपटत स्वयंपाकघरात निघून गेले आणि इकडे षटकार बसला.

"अहो, मॅच संपेपर्यंत तिथेच बसा!" दोघी एकदम ओरडल्या.

आणि अप्पा खरंच बसून राहिले.