खोलीचा सूर

हितेंद्रने भिंतीला कान लावला, मग फरशीवर पंजा टेकला आणि म्हणाला, “काका, वरचा स्पीकरचा डबा भंगार आहे.”

वसंतरावांना हायसं वाटलं. चला, निदान कुणीतरी ऐकून तरी घेतलं. वरच्या खोलीत नवा भाडेकरू आल्यापासून संध्याकाळ झाली की गाणी सुरू व्हायची आणि फणसवाडीतली ही जुनी चाळ धडधडायला लागायची. बोलून झालं, हात जोडून झालं. “काका, बेसशिवाय मजा नाही,” एवढं सांगून तो मेला दार लावून घ्यायचा.

तक्रार करायला शेजारीही उरले नव्हते. बिल्डरच्या कागदांवर सह्या करून सगळे निघून गेले होते. वसंतराव तेवढे अडून बसले होते, तेही बायकोसाठी, नलूताईंसाठी. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर बाईंनी एकच मागणं केलं होतं, मला या खोलीतून हलवू नका. वसंतरावांनी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतले ते नव्हते.

हितेंद्रला शंतनुने पाठवलं होतं. मुलगा शीवला राहायचा, पण आईची चौकशी रोज. “बाबा, भांडत बसू नका. चिंचपोकळीला माझ्या ओळखीचा एक जण आहे, स्पीकरचे डबे बनवतो. वरच्याला मी पटवलंय. हा सगळं नीट करून देईल.” असा मुलगा मिळायला नशीब लागतं, असं वसंतराव दोनदा तरी नलूताईंना म्हणाले.

“आवाज मोठा आहे म्हणून त्रास नाही होत, काका,” हितेंद्र समजावू लागला. “प्लाय पातळ, जोड सैल, त्यात अ‍ॅम्प्लिफायरला दम नाही. मग बेस फाटतो आणि घरभर सांडतो. डबा जाड आणि घट्ट बांधला, अ‍ॅम्प तगडा लावला, की बेस एकदम आखीव. इकडे तिकडे जाणारच नाही.”

“म्हणजे आम्हाला ऐकू येणार नाही?”

“आधी तुमची खोली तपासू दे ना. प्रत्येक खोलीचा एक सूर असतो. तो वाजला की खोली अंगावर येते. तो एकदा सापडला की माझं काम सोपं.”

त्याने वर स्वतःचा डबा आणून ठेवला होता. खाली बसून तो मोबाइलवरून एकेक सूर सोडू लागला.

“आता?”

“फडताळातली भांडी वाजतायत,” वसंतराव म्हणाले.

“आता?”

“खिडकीची काच.”

त्याने सूर आणखी खाली नेला. भांडी गप्प झाली, काच गप्प झाली. कॉटवर पडलेल्या नलूताईंनी मात्र छातीवर हात दाबला.

“अहो, हा नको. हा आतून हलवतो हो.”

हितेंद्रने लगेच बंद केलं. “सॉरी काकू. कॉट इथेच असते ना? सरकवत नाही ना तुम्ही?”

“छे रे. तिची जागा ठरलेली आहे,” वसंतराव म्हणाले.

“मग झालं काम.”

नलूताईंनी त्याला आग्रहाने नारळाची वडी खायला लावली. किती गुणी मुलगा, पायातल्या चपला बाहेर काढून आला, असं तो गेल्यावरही त्या बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर गाणं लागलं नाही. वसंतरावांनी देवासमोर निरांजन लावलं आणि जरा निवांत बसले. तेवढ्यात कॉटवरून नलूताईंनी त्यांची बाही घट्ट धरली. बाईंच्या ओठांचा रंग उडाला होता.

“अहो, कालचाच आहे हा.”

भांडी हलत नव्हती, काच हलत नव्हती. फक्त कॉट थरथरत होती. वसंतरावांनी नलूताईंना कसंबसं उठवून दाराशी नेऊन बसवलं आणि शंतनुला फोन लावला.

त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पलीकडून शंतनु शांतपणे म्हणाला, “बाबा, आता तरी त्या कागदांवर सही करताय ना?”