मोतीआजीचा कंद

अख्ख्या तांड्यात मोतीआजीसारखा हात कुणाचाच न्हाई! उजव्या हाताला चारच बोटं, पण तिच्या मे फ्लॉवरला नारळाएवढे लालभडक गोळे यायचे. आजी वारली आणि तिचा शेवटचा कंद शेजारच्या शिलाकडं आला. तो जगायलाच हवा, म्हणून शिलानं कुंडीत पार खोल पुरला.

सकाळी कंदाची मान, म्हणजे वरचं टोक, मातीवर होती. भोवती चार बोटांचे ठसे.

“आई, तू हात लावला व्हय?”

“मी काहून लावू? माझी बोटं पाच हायेत.”

पुन्हा पुरला, पुन्हा मान वर. शिलानं हट्ट सोडला, मान उघडीच ठेवली आणि मे महिन्यात काय फूल आलं म्हणता!

“आजी, मानलं तुला!” म्हणत तिनं फुलाभोवती पुन्हा उमटलेल्या त्या ठशांत बोटं टेकवली.

मातीखालून तिचा हात हळूच दाबला गेला. चार बोटांनी.